क्लच दाबला म्हणजे पीटीओ थांबला का?
ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याची शंभर वर्षांची हकीगत



रोटाव्हेटर असो, मळणी यंत्र असो, द्राक्षबागेतला ब्लोअर असो की उसाचं पाचट बारीक करणारं यंत्र असो, या सगळ्यांना फिरवणारा दांडा एकच. ट्रॅक्टरच्या मागच्या अंगाला, दोन मोठ्या चाकांच्या मधोमध, खाचा पाडलेला एक आखूड लोखंडी दांडा बाहेर डोकावतो. त्यालाच आपण पीटीओ म्हणतो. इंजिनची ताकद बाहेर काढून दुसऱ्या यंत्राला द्यायची ही जागा.

ट्रॅक्टर घेताना आपण इंजिन किती अश्वशक्तीचं, टायर केवढे, हप्ता किती बसेल, हे दहा ठिकाणी विचारतो. पीटीओ कोणत्या जातीचा आहे, हे मात्र फार थोडे जण विचारतात. सगळ्यांचे दांडे बाहेरून सारखेच दिसतात, त्यामुळे विचारण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. पण आतली रचना वेगळी असते. क्लचचं पेडल दाबल्यावर एका ट्रॅक्टरचा दांडा थांबतो आणि दुसऱ्याचा फिरतच राहतो. हा फरक ठाऊक नसला तर एक तर यंत्राची खरेदी चुकते, नाही तर माणूस जायबंदी होतो. हे प्रकार वेगवेगळे का झाले, ते त्यांच्या इतिहासावरून चांगलं ध्यानात राहतं. म्हणून या पत्रकात ती हकीगत सांगतो.

ओढायची कामं आणि फिरवायची कामं

बैलांकडून आपण पूर्वापार दोन तऱ्हेची कामं घेत आलो. नांगर, कुळव, गाडी ही ओढायची कामं. गुऱ्हाळाचा चरक आणि तेलाचा घाणा ही फिरवायची कामं. ट्रॅक्टर जन्माला आला तो मुख्यतः ओढणारा म्हणून. फिरवायचं काम निघालं तर तो एका जागी उभा करायचा, बाजूच्या पुलीवर लांब पट्टा चढवायचा आणि मळणी यंत्र चालवायचं. वाफेच्या इंजिनांच्या काळापासून युरोप-अमेरिकेत मळणी याच पद्धतीने होत असे.

जागेवर उभ्या असलेल्या यंत्राला पट्टा ठीक होता. पण यंत्र शेतातून चालतं आहे आणि चालता चालता त्याचे भागही फिरायला हवेत, तेव्हा काय करायचं? गहू कापून पेंढ्या बांधणारं बाइंडर हे असंच यंत्र. त्याला खाली एक मोठं लोखंडी चाक असे. घोड्यांनी किंवा ट्रॅक्टरने बाइंडर ओढलं की हे चाक जमिनीवर फिरायचं आणि त्यावरून साखळ्या व दातेरी चाकांमार्फत कापणीचं पातं व बांधणीचा भाग चालायचा.

कोरड्या जमिनीत हे बरं चाले. पाऊस पडून गेला की चाक घसरू लागे, आणि चाक घसरलं की पातं थांबे. दुसरी अडचण याहून अवघड होती. पीक दाट लागलं म्हणून सावकाश जावं, तर यंत्रही सावकाश फिरायचं आणि गच्च भरून बंद पडायचं. जिथे यंत्राला जास्त जोर हवा, तिथेच तो कमी मिळायचा.

फ्रान्समधला प्रयोग, अमेरिकेतला कारखाना

या अडचणीवर फ्रान्समध्ये आल्बेर गुजी नावाच्या गृहस्थांनी १९०५-०६च्या सुमारास एक तोड काढली. त्यांनी आपल्या ट्रॅक्टरच्या इंजिनपासून मागे एक दांडा काढला, त्याला वळणारे सांधे बसवले आणि त्याने मॅकॉर्मिक बाइंडर चालवलं. आता जमिनीवरचं चाक घसरलं तरी यंत्र थांबत नव्हतं. गियर हलका टाकून ट्रॅक्टर हळू चालवला तरी पातं पूर्ण वेगाने फिरत होतं.

अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचे अभियंते एडवर्ड जॉन्स्टन यांनी हा प्रयोग फ्रान्समध्ये पाहिला. ती कल्पना त्यांच्या मनात घर करून राहिली. पुढे १९१८ साली या कंपनीने आपल्या ८-१६ नावाच्या ट्रॅक्टरवर पीटीओ देऊ केला. बाजारात विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरवर पीटीओ रुळू लागला तो तेव्हापासून.

याच काळात ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड हा तरुण वडिलांच्या शेतावर वेगळीच खटपट करत होता. नांगर ओढण्याऐवजी पाती फिरवून जमीन भुसभुशीत करता येईल का, हे तो १९१२पासून करून पाहत होता. १९२०मध्ये त्याने आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. आज आपल्या गावोगावी जो रोटाव्हेटर चालतो, त्याची सुरुवात ही. पीटीओ ट्रॅक्टरवर सर्रास आला नसता, तर रोटाव्हेटर इतका पसरलाच नसता.

सगळ्यांचा वेग एक

सुरुवातीला प्रत्येक कंपनीचा दांडा निराळा होता. कुणाचा जाड, कुणाचा बारीक, कुणाचा उंचावर, कुणाचा खाली, आणि वेगही आपापले. एका कंपनीचा ट्रॅक्टर घेतला की यंत्रही तिचंच घ्यावं लागे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही अडवणूकच होती.

१९२७ साली अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेने याचं प्रमाण ठरवून दिलं. दांड्याचा वेग मिनिटाला ५३६ फेरे असावा, त्यात १० फेरे कमीजास्त चालतील, असं ठरलं. दांडा कोणत्या बाजूने फिरावा तेही ठरलं. ट्रॅक्टरच्या मागून पुढे पाहिलं तर तो घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. पुढे ५३६चा आकडा ५४० झाला आणि तोच जगभर चालू राहिला. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांचा पीटीओ ३५ मिलिमीटर जाडीचा, सहा दात्यांचा, ५४० फेऱ्यांचा असतो. एका कंपनीचा रोटाव्हेटर दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला बिनतक्रार बसतो, तो या ठरावामुळे.

यात महाराष्ट्राशीही एक धागा आहे. १९१८ साली पीटीओ देऊ करणाऱ्या त्याच इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून महिंद्र आणि व्होल्टास यांनी १९६३मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. मुंबईत कांदिवलीच्या कारखान्यातून १९६५पासून तिचे बी-२७५ ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. जुन्या जाणत्यांना ते ट्रॅक्टर आठवत असतील.

एका क्लचची गोची

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पहिल्या पिढीच्या ट्रॅक्टरांत इंजिनची ताकद एकाच क्लचमधून गियरबॉक्समध्ये जात असे आणि तिथून चाकांकडे व पीटीओकडे तिच्या दोन वाटा फुटत. क्लच दाबला की दोन्ही वाटा बंद. ट्रॅक्टर थांबला म्हणजे मागचं यंत्रही थांबलं. याला आपण साधा पीटीओ म्हणू.

यात दोन गोची होत्या. पहिली अशी की यंत्राच्या तोंडाशी पीक दाटलं, तर ट्रॅक्टर क्षणभर थांबवून यंत्राला आतलं पीक निस्तरू द्यावं असं वाटतं. पण क्लच दाबताच यंत्रही थांबायचं, तेही भरल्या पोटी. मग ते उघडून हाताने मोकळं करण्यात वेळ जायचा.

दुसरी गोची धोक्याची होती. गवत कापणाऱ्या स्लॅशरची जड पाती एकदा वेगात आली की इंजिनची वाट बंद केली तरी फिरत राहतात. ती पाती उलट पीटीओला फिरवतात, पीटीओ गियरबॉक्सला आणि गियरबॉक्स चाकांना. चालक क्लच दाबून बसला आहे आणि ट्रॅक्टर पुढेच ढकलला जातो आहे, असा प्रकार घडे. १९३९च्या फोर्ड ९एन या गाजलेल्या ट्रॅक्टरवर हे होई. त्यावर उपाय म्हणून दांड्याच्या टोकाला सायकलच्या फ्रीव्हीलसारखा एक भाग बसवतात. आपण पायडल मारायचं थांबवलं तरी सायकलचं चाक फिरत राहतं, पण पायडलला फिरवत नाही, त्यातलाच हा प्रकार. त्याला ओव्हर-रनिंग क्लच म्हणतात. साध्या पीटीओच्या जुन्या ट्रॅक्टरवर स्लॅशरसारखं जड फिरणारं यंत्र लावायचं असेल तर हा भाग बसवल्यावाचून लावू नका.

क्लच दाबूनही फिरणारा दांडा

दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६च्या सुमारास, कॅनडातल्या ब्रँटफर्डच्या कॉकशट कंपनीने आपला ३० नंबरचा ट्रॅक्टर आणला. त्यात पीटीओची वाट चाकांच्या क्लचपासून वेगळी काढली होती. क्लच दाबून ट्रॅक्टर उभा करा, गियर बदला, पीटीओ आपला फिरतच राहणार. याला लाइव्ह म्हणजे चालू पीटीओ म्हणू लागले. गवत आणि पेंढा बांधणाऱ्या यंत्रांना ही मोठीच सोय झाली आणि बाकीच्या कंपन्यांनाही ती द्यावी लागली.

हीच सोय कमी खर्चात देण्यासाठी दोन टप्प्यांचा क्लच निघाला. १९५०च्या दशकात फर्ग्युसन ३५सारख्या ट्रॅक्टरांवर तो आला. पेडल एकच, पण अर्धं दाबलं की फक्त चाकं थांबतात आणि पूर्ण दाबलं की पीटीओही थांबतो. १९६०मध्ये चेन्नईला सुरू झालेल्या टॅफे कंपनीमुळे मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर आपल्याकडे तयार होऊ लागले. दोन टप्प्यांचा क्लच आजही आपल्याकडच्या अनेक ट्रॅक्टरांवर असतो, त्याला ड्युअल क्लच म्हणतात.

त्यापुढची पायरी म्हणजे स्वतंत्र पीटीओ. माहितीपत्रकात तो इंडिपेंडंट किंवा आयपीटीओ असा लिहिलेला असतो. यात पीटीओचा क्लच अगदी वेगळा आणि त्याला स्वतःचा लिव्हर किंवा बटण असतं. पायाच्या पेडलशी त्याचा काही संबंध नाही. पेडल तळापर्यंत दाबलं तरी दांडा फिरतच राहतो. ट्रॅक्टर चालू असतानाही पीटीओ लावता-सोडता येतो.

वेगाचे प्रकार

ट्रॅक्टर मोठे झाले तसा ५४०चा दांडा त्यांना अपुरा पडू लागला. तीच ताकद जास्त वेगाने नेली तर दांड्यावरचा पीळ कमी होतो. म्हणून अमेरिकेत १९५८च्या सुमारास १००० फेऱ्यांचं प्रमाण आलं. यात पीळ साधारण निम्म्यावर येतो. ५४०चं यंत्र चुकून १०००वर लागू नये म्हणून या दांड्याला सहाऐवजी एकवीस दाते ठेवले.

काही ट्रॅक्टरांवर आता एकाच दांड्यावर लिव्हर बदलून दोन वेग मिळतात. तिथे दात्यांची ही राखण उरत नाही, राखण आपणच करायची. ५४०चं यंत्र १०००वर चालवलं तर पाती बाहेर फेकली जाण्याचा जोर जवळजवळ साडेतीन पट होतो. पातं तुटून सुटलं तर ते गोळीसारखं जातं.

५४०-ई हा बचतीचा पीटीओ आहे. यात इंजिन कमी वेगाने चालत असताना दांड्याला ५४० फेरे मिळतात. फवारणी किंवा जनरेटर अशा हलक्या कामात यामुळे डिझेल वाचतं. जड कामाला तो लावू नये, इंजिन दबतं.

उलटा पीटीओ म्हणजे विरुद्ध बाजूने फिरणारा. मळणी यंत्रात काड अडकलं तर ते मागे सोडवायला तो उपयोगी पडतो.

जमिनीच्या चालीचा पीटीओ हा चाकांच्या हिशेबाने फिरतो. ट्रॅक्टर जितका चालेल तितकाच दांडा फिरेल, थांबला की थांबेल. म्हणजे जुन्या बाइंडरच्या चाकाचीच ही रीत. कापणीला ती नडली होती, पण पेरणीला ती हवीशी असते. ट्रॅक्टर हळू चालो की जलद, ठराविक अंतरात ठराविकच बी पडतं. स्वतःची चाकं फिरवणाऱ्या ट्रेलरलाही हाच पीटीओ लागतो.

पायाची सवय आणि धोका

बंधूंनो, या सगळ्या सुधारणांनी काम सोपं झालं, यात शंका नाही. पण त्यांच्याबरोबर एक गोष्ट हातची गेली, तिच्याकडे लक्ष वेधायचं आहे. साध्या पीटीओत क्लच दाबला की दांड्याकडे जाणारी ताकद बंद व्हायची. ती तेव्हा अडचण होती, पण आपोआप मिळालेली राखणही होती. स्वतंत्र पीटीओत ती राखण नाही.

ज्याचा पाय वीस वर्षं जुन्या ट्रॅक्टरवर तयार झाला, तो नव्या ट्रॅक्टरवरही सवयीने पेडल दाबतो, चाकं थांबलेली पाहतो आणि मागे काय अडकलं ते बघायला गड्याला सांगतो. दांडा मात्र फिरतच असतो. आपल्याकडे ट्रॅक्टर भाड्याने चालतात, चालक बदलतात, आज एका कंपनीचा तर उद्या दुसऱ्या कंपनीचा ट्रॅक्टर हाताखाली येतो. त्यामुळे ही चूक होण्याची भीती आपल्याकडे जास्त.

दांड्याचा वेग किती, याचा हिशेब करून पाहा. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९ फेरे. जोडदांड्याची जाडी तीन इंच धरली तर एका फेऱ्यात सव्वानऊ इंचांहून जास्त कापड गुंडाळलं जातं, म्हणजे एका सेकंदात सात फूट. धोतराचा सोगा, उपरणं, पदर, ओढणी किंवा सैल बाही एकदा पकडली गेली, तर “बंद कर” असं ओरडेपर्यंत माणूस दांड्याशी पोचलेला असतो. अशा वेळी हाताच्या जोराचा काही उपयोग होत नाही.

मळणी यंत्रांवरच्या अपघातांमुळे केंद्र सरकारने १९८३ साली धोकादायक यंत्रांबाबतचा कायदा केला. कायदा आपल्या जागी आहे. पण खळ्यावर दांड्याचं आवरण काढून कोपऱ्यात ठेवलं असेल, तर ते परत बसवायला तुम्हालाच उठावं लागेल. ग्रीस भरायला आड येतं म्हणून आवरण काढतात आणि मग ते कायमचं निघतं. फुटलेलं आवरण नवं घ्यायला जो खर्च येतो, तो दवाखान्याच्या एका फेरीपेक्षाही कमी असतो.

तुमचा पीटीओ कोणता, हे असं तपासा

यंत्र आणि जोडदांडा दोन्ही काढून ठेवा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, हँडब्रेक ओढा, गियर न्यूट्रलला ठेवा. मागे कुणी उभं राहू नये. एकाने बाजूला, दूर उभं राहून दांड्याकडे पाहावं. इंजिन मंद ठेवून पीटीओ लावा. आता पेडल अर्धं दाबा, मग पूर्ण दाबा. अर्ध्यावरच दांडा थांबला तर पीटीओ साधा. अर्ध्यावर फिरत राहिला आणि पूर्ण दाबल्यावर थांबला तर दोन टप्प्यांचा. पूर्ण दाबूनही फिरत राहिला तर स्वतंत्र. थांबताना दांडा थोडा रेंगाळतो, तेव्हा दोन-चार क्षण वाट पाहूनच ठरवा आणि कंपनीच्या पुस्तिकेशी ताडून पाहा. मग चुन्याने किंवा रंगाने मडगार्डवर लिहून ठेवा: “क्लचने पीटीओ थांबतो” किंवा “क्लचने पीटीओ थांबत नाही”. नव्या चालकाला वेगळं सांगावं लागणार नाही.

खरेदीच्या वेळी आणखी एक विचारा. इंजिनची अश्वशक्ती आणि पीटीओवर मिळणारी अश्वशक्ती या दोन गोष्टी आहेत. वाटेत काही ताकद खर्च होते, म्हणून दुसरा आकडा नेहमी लहान असतो. रोटाव्हेटर किती फुटी घ्यायचा हे दुसऱ्या आकड्यावरून ठरवा. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात. त्या अहवालात पीटीओचा आकडा असतो, तो विक्रेत्याकडे मागा.

एवढं गाठीला बांधून ठेवा

१. खाली उतरण्याआधी पीटीओ सोडा, इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला. दांडा डोळ्यांदेखत थांबल्यावरच जवळ जा. पीटीओ कोणत्याही जातीचा असो, हा नियम एकच.

२. फिरत्या दांड्यावरून कधीही ओलांडून जाऊ नका. लांबून वळसा घाला.

३. कामावर अंगाबरोबर कपडे घाला. बायकांनी पदर खोचून घ्यावा, केस बांधावेत. मुलांना खळ्यावर दांड्याच्या आसपास फिरकू देऊ नका.

४. यंत्रावर लिहिलेला वेग आणि लिव्हरचा वेग जुळतो ना, ते पीटीओ लावण्याआधी पाहा.

५. रोटाव्हेटर उंच उचलून वळताना पीटीओ सोडा. दांड्याचा कोन वाढला की सांध्याचे क्रॉस तुटतात.

६. जोडदांड्याच्या दोन्ही नळ्या एकमेकींत पुरेशा शिरलेल्या असाव्यात आणि आतल्या बाजूचे दोन्ही चिमटे एका रेषेत असावेत.

७. शिअर बोल्ट तुटला तर तसलाच बसवा. जास्त मजबूत बोल्ट घातला तर तो वाचेल आणि गियरबॉक्स तुटेल.

८. अडकलेलं काड उलट्या पीटीओने सोडवताना हात दूर ठेवा. उलटा फिरला तरी दांडा तोच असतो.

हे पत्रक ट्रॅक्टरच्या कागदपत्रांबरोबर ठेवा, आणि जो तुमचा ट्रॅक्टर चालवतो त्याला एकदा मोठ्याने वाचून दाखवा.